जुन्या लॅपटॉपवर नवा कारभारी



आजचा विषय यंत्राचा, आणि मी पडलो भाषेचा मास्तर. हा गृहस्थ या भानगडीत कशाला पडला, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. परंतु खेड्यापाड्यांतल्या शाळांत, वाचनालयांत आणि घरांत जे जुने लॅपटॉप आज आहेत, त्यांच्याविषयी निर्णय घेण्याची पाळी कोणा इंजिनियरवर येत नाही. ती येते मुख्याध्यापकांवर, एखाद्या तरुण शिक्षकावर, नाहीतर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलावर. मलाही आमच्या कॉलेजात ही यंत्रे उघडून बसण्याची थोडी हौस आहे. तेव्हा जाणकारांच्या परिभाषेत न शिरता, साध्या बोलीत, या प्रश्नाचा आपण विचार करू.

लॅपटॉपमध्ये प्रोसेसर असतो, स्मरणशक्ती असते, माहिती साठविणारी चकती असते, पडदा आणि कळफलक असतो. पण या सर्वांना कामाला लावणारा, कोणाला किती जागा द्यायची, कोणाचे काम आधी आणि कोणाचे मागून हे ठरविणारा एक कारभारी लागतो. तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. (कारभारी हा शब्द आपल्याकडे आणखी एका अर्थाने वापरतात. आयाबहिणींनी हसू नये. तो अर्थही फार दूरचा नाही.) आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांवर हा कारभारी विंडोज या नावाचा असतो.

विंडोज १० ही आवृत्ती २९ जुलै २०१५ रोजी आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचे पाठबळ थांबविले. पाठबळ थांबले म्हणजे लॅपटॉप बंद पडला असे मात्र नव्हे. पंधरा तारखेलाही तो नेहमीसारखाच सुरू झाला, आणि त्यामुळेच पुष्कळांची समजूत अशी झाली, की हा सगळा बागुलबुवा होता. खरी गोष्ट अशी, की चोर रोज घराच्या भिंतीत नवी फट शोधत असतो आणि कंपनी दर महिन्याला एकदा गवंडी पाठवून त्या फटी लिंपून देते. त्या तारखेपासून गवंडी यायचा थांबला. भिंत त्या दिवशी पडत नाही. पण पुढे सापडलेली प्रत्येक फट उघडीच राहते. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी कंपनीने एक वर्षाची जादा मुदत जाहीर केली होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण तिच्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागे, आणि ती मुळातच तात्पुरती सोय होती.

मग विंडोज ११ का घेऊ नये? ती तर ५ ऑक्टोबर २०२१ पासून आहे. इथेच गाडी अडते. या नव्या कारभाऱ्याने नोकरी पत्करण्यापूर्वी वाड्यालाच अटी घातल्या. स्मरणशक्ती निदान ४ जीबी हवी, साठवण ६४ जीबी हवी, या अटी सोप्या. पण प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा. आणि शिवाय टीपीएम २.० नावाची एक वस्तू हवी.

टीपीएम म्हणजे काय? आपल्या घरी देव्हाऱ्याच्या मागे एक छोटी कुलपाची पेटी असते ना, जिच्यात बाकीच्या कपाटांच्या किल्ल्या ठेवतात, तशी ही यंत्राच्या आतली पेटी. गुप्त किल्ल्या तिच्यात राहतात आणि सहसा तिच्याबाहेर येत नाहीत. काही लॅपटॉपांत तिच्यासाठी वेगळी चिप असते, काहींत ती प्रोसेसरमध्येच सामावलेली असते. आता एक गंमत ऐका. पुष्कळ लॅपटॉपांत ही पेटी असते, पण बायोसमध्ये तिचे बटण बंद ठेवलेले असते. म्हणून ‘तुमचे यंत्र अपात्र आहे’ असा शेरा मिळाल्याबरोबर हताश होऊ नये. यंत्र सुरू होतानाच एफ२, एफ१० किंवा डिलीट, कंपनीगणिक जी कळ असेल ती दाबून बायोसमध्ये शिरावे आणि सुरक्षेच्या पानावर टीपीएम, पीटीटी किंवा एफटीपीएम यांपैकी एखादे नाव दिसते का, ते पाहावे. ते बंद असेल तर सुरू करावे. काहींचा प्रश्न एवढ्यावरच सुटतो.

प्रोसेसरची पिढी ओळखायची कशी? सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात अबाउट, या पानावर त्याचे नाव असते. आय-थ्री किंवा आय-फाइव्ह या अक्षरांपुढे आकडे असतात. ४२१० असेल तर चौथी पिढी, ८२५० असेल तर आठवी. आकडा १०, ११ किंवा १२ ने सुरू होत असेल तर ती दहावी, अकरावी, बारावी पिढी, आणि मग या भाषणाची तुम्हाला गरज नाही.

या अटी न्याय्य आहेत का, असा प्रश्न मला अनेक शिक्षक विचारतात. थोड्या रागानेच विचारतात. सहा-सात वर्षे इमाने काम केलेले यंत्र, पडदा शाबूत, कळा शाबूत, आणि एका चिपेपायी ते भंगारात काढायचे? तो राग मला समजतो. तरीही कंपनीचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. नव्या प्रोसेसरांत स्मरणशक्तीची राखण करण्याची काही सोय मुळातच घडविलेली असते; जुन्यांत तेच काम करायला गेले तर यंत्र मंदावते. पण सुरक्षिततेच्या या खऱ्या कारणाला नवी यंत्रे खपविण्याचे कारण येऊन चिकटलेले नाही, असेही मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आपल्याला निर्णय घ्यायचा आहे तो आपल्या टेबलावरच्या यंत्रापुरता.

आणि मुद्द्याची गोष्ट म्हणजे, या अटी ओलांडता येतात. कंपनीने स्वतःच एके काळी, टीपीएमची जुनी १.२ आवृत्ती असलेल्या यंत्रांसाठी, रजिस्ट्री नावाच्या आतल्या वहीत एक नोंद करून पुढे जाण्याची रीत आपल्या मदतीच्या पानावर छापली होती. पुढे ती काढून टाकली. दुसरा मार्ग रूफस नावाच्या छोट्या मोफत साधनाचा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची फाइल उतरवून घ्यायची, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घ्यायचा (त्यावरचे सगळे पुसले जाते, हे ध्यानात असू द्या), आणि रूफसने ती फाइल त्यावर चढवायची. त्या वेळी रूफस विचारतो, की स्मरणशक्ती, सिक्युअर बूट आणि टीपीएम यांच्या अटी काढून टाकू का? होय म्हटले, की त्या पेनड्राइव्हवरून सुरू केलेले यंत्र पात्रता न विचारता विंडोज ११ बसवून घेते. मूळ विंडोज १० रीतसर परवान्याची असेल तर सहसा तोच परवाना पुढेही चालतो.

पण मर्यादा आहेत. ३२ बिटांच्या यंत्रावर विंडोज ११ मुळीच बसत नाही. कोर-टू-ड्युओ जातीचे फार जुने प्रोसेसर असतील तर २०२४ साली आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून ती त्यांच्यावर सुरूच होत नाही. त्या आवृत्तीला लागणाऱ्या काही आज्ञा त्या प्रोसेसरांना कळतच नाहीत, आणि यावर कोणतीही युक्ती चालत नाही. तसेच, बाजारात कोणी ‘हलकी केलेली विंडोज’ म्हणून पेनड्राइव्हमध्ये घालून देत असेल तर ती घेऊ नका. कारभारी ठेवताना त्याचे गाव, घर, चाल विचारतो आपण. कोणी कापूनछाटून दिलेल्या त्या फाइलीत काय ठेवले आहे आणि काय घुसविले आहे, हे देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

तर बसविता येते, हे झाले. आता बसवावे का?

मागे एका खेड्यातले शिक्षक आपला शाळेचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी स्मरण, जुनी फिरती हार्ड डिस्क. मला म्हणाले, “सर, शाळेत हा एकच. यू-डायसची माहिती यावर, पोषण आहाराचा हिशेब यावर, शाळा सोडल्याचे दाखले यावर. नवा यायचा तेव्हा येईल. यावर अकरा बसेल का हो?”

मी म्हणालो, “बसेल. पण गुरुजी, तुमची बदली झाल्यावर याच्याकडे कोण बघणार?”

ते गप्प झाले. बदली हा शब्द जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न इथे आहे, श्रोतेहो. कंपनीचे पाठबळ नाही, याचा अर्थ ‘चालणार नाही’ असा नसतो. त्याचा अर्थ असा, की कंपनीने जी जबाबदारी घेतली असती ती आता बसविणाऱ्याच्या अंगावर आली. अशा यंत्रावर महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या दुरुस्त्या सहसा येत राहतात. पण त्यांची हमी कंपनी देत नाही. आणि वर्षाकाठी जी मोठी आवृत्ती येते, ती मात्र अशा यंत्रावर आपण होऊन येत नाही. पुन्हा पेनड्राइव्ह करा, पुन्हा तोच अडसर ओलांडा, पुन्हा दोन तास बसा. प्रत्येक आवृत्तीला साधारण दोन वर्षांचे आयुष्य असते. म्हणजे हे काम दोन वर्षांतून निदान एकदा न विसरता करणारे माणूस तिथे हवे. ज्याच्या घरी असे माणूस आहे त्याने खुशाल बसवावे. माझ्या एका सहकाऱ्याच्या सातव्या पिढीच्या, ८ जीबीच्या लॅपटॉपवर मी स्वतः विंडोज ११ बसविली आहे आणि ती उत्तम चालते; पण तो गृहस्थ असा आहे, की सायकलच्या साखळीलाही तारीख लिहून तेल देतो. शाळेचा एकमेव लॅपटॉप, ज्यावर मुलांचे जन्मदिनांक आणि दाखले आहेत, आणि ज्याचा सांभाळ करणारा दर काही वर्षांनी बदलतो, तो या वाटेने नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुरुजी बदलून जातील, नवे येतील. दुरुस्त्या कधी थांबल्या ते कोणाच्या लक्षात येणार नाही. आणि पडद्यावर सगळे आलबेल दिसत राहील.

मग त्या लॅपटॉपचे आम्ही काय केले? पहिले काम चकतीचे. जुना लॅपटॉप मंद असतो तो पुष्कळदा प्रोसेसरमुळे नव्हे, तर फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून तिच्या जागी एसएसडी घातली तर त्याच यंत्राला नवे पाय फुटतात. बहुतेक जुन्या लॅपटॉपांत हे काम दोन-चार स्क्रूंचे असते. त्याबरोबर ४ जीबी स्मरण वाढवून ८ केले. यात आणखी एक फायदा असा, की जुनी चकती जशीच्या तशी, एक अक्षरही न पुसता, बाहेर येते. तिच्यावर तारीख लिहून ती कपाटात ठेवावी. नवा प्रयोग फसला तर दहा मिनिटांत जुना संसार परत मांडता येतो. तरीही, कोणतीही प्रणाली बसविण्यापूर्वी माहितीची एक वेगळी प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर हवीच. दाखल्यांची माहिती गेली, तर पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला मुलगा तलाठ्याच्या दारात उभा राहतो आणि आपण नुसते हळहळतो.

मराठी लोकांनी इथे एक गोष्ट विशेष सांभाळायची असते, आणि ती कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शनात लिहिलेली नसते. आपल्या शाळांतले जुने कागद, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे अहवाल, पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेले असतात. त्या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांची चित्रे बसविलेली असतात. प्रणाली बदलली, फाँट गेला, की ‘मुख्याध्यापक’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसू लागतो. फाइल गेलेली नसते, पण वाचता येत नाही. म्हणून असे कागद आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत, आणि जे फार जुने व आता बदलायचे नाहीत त्यांची पीडीएफ करून ठेवावी. या कामाला आम्हाला लॅपटॉप उघडण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. टायपिंगचेही तसेच. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही असतो आणि लिनक्समध्येही; पण ज्यांचा हात रेमिंग्टन पद्धतीवर बसला आहे त्यांनी, आपली पद्धत नव्या प्रणालीत कशी मिळते, हे आधी पाहून घ्यावे. बोटांची सवय मोडणे हे पन्नाशीतल्या माणसाला चष्मा बदलण्याइतके सोपे नसते.

लिनक्सचे नाव निघालेच आहे, तर सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जे काम सुरू केले, त्यातून हा मोफत आणि खुला कारभारी तयार झाला. त्याची पुष्कळ रूपे आहेत. आपल्या सी-डॅक या संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यात आहे, २००७ साली बॉस या नावाने एक रूप काढले. केरळातल्या सरकारी शाळा तर गेली कित्येक वर्षे आपले संगणक लिनक्सवरच चालवीत आहेत, आणि तिथली मुले त्यावरच शिकून परीक्षा देतात. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘शाळेत ते जमणार नाही’ असे म्हणणारा एक तरी आवाज प्रत्येक बैठकीत असतो.

गुरुजींच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स मिंटची २२ वी आवृत्ती, तिचे एक्सएफसीई हे हलके रूप, बसविले. ही आवृत्ती २०२४ साली आली आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळायच्या आहेत. लक्षात घ्या, इथे कोणताही अडसर ओलांडलेला नाही. चौथ्या पिढीचे यंत्र तिला रीतसर चालते. यंत्र जुने असूनही कारभारी पाठबळासह आहे, हा यातला फरक. शिवाय बसविण्यापूर्वी, पेनड्राइव्हवरूनच ती चालवून पाहता येते. चकतीला हातही लागत नाही. आम्ही दोन तास तशीच चालवून पाहिली. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रोजेक्टरवर चित्र दिसते का, शाळेचा जुना प्रिंटर कागद ओढतो का, हे सर्व तपासले. प्रिंटरने पहिल्यांदा नकार दिला. त्याला कंपनीची एक जादा फाइल उतरवून द्यावी लागली. शासकीय पोर्टले ब्राउझरमध्ये उघडतात, त्यामुळे तिथे अडले नाही. पण ज्या ग्रामपंचायतीत किंवा पतसंस्थेत डिजिटल सहीचे टोकन लागते, अथवा हिशेबाचे खास विंडोजसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर असते, त्यांनी ते लिनक्सवर चालते की नाही याची खात्री केल्याशिवाय पाऊल टाकू नये. तिथे अडत असेल तर पात्र यंत्राची मागणी वरिष्ठांकडे लेखी करणे, हाच सरळ मार्ग.

आणि यंत्र ३२ बिटांचे, अगदीच पुरातन असेल तर? तिथे लिनक्सचीही दारे एकेक करून मिटू लागली आहेत. डेबियनसारख्या जुन्या, भरवशाच्या रूपानेही २०२५ साली आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय ठेवलेली नाही. असे यंत्र इंटरनेटपासून तोडून, मुलांना कळफलकाचा सराव करायला ठेवावे.

बसविण्याच्या दिवसाविषयी एकच सूचना. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अर्धे बसवून वीज गेली तर यंत्र ना इकडचे ना तिकडचे. इन्व्हर्टर असलेल्या घरी जा, नाहीतर भारनियमनाचे वेळापत्रक पाहून काम काढा.

काम झाल्यावर लॅपटॉपच्या तळाशी एक कागद चिकटवावा. पाठबळाशिवाय विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती बसविली असेल तर तिच्या साध्या, म्हणजे होम आणि प्रो, रूपांना १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत दुरुस्त्या आहेत. ती तारीख त्यावर ठळक लिहावी. मिंट २२ असेल तर २०२९ लिहावे. जुनी चकती कोणत्या कपाटात आहे ते लिहावे. आणि खाली, ज्याने बसविले त्याचे नाव आणि त्याच्यानंतर ज्याने पाहायचे त्याचे नाव. गुरुजींनी त्या दुसऱ्या ओळीवर आधी एका सहशिक्षिकेचे नाव लिहिले, मग थोडा विचार करून त्याखाली गावातल्या, बारावीत शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीचे नाव लिहिले. ती गावातच राहणार होती.